छापील बाजू आत

"तिला म्हणावं, कापूस कमी घे," नाना म्हणाले.

आई बाजूला मेथी निवडत बसली होती. तिनं मान वर केली नाही आणि मला काही सांगितलंही नाही, कारण मी नानांच्या पुढ्यातच पाटावर बसले होते आणि मला ऐकू आलं होतं. मी चिमटीतला कापूस निम्मा केला.

"आई, त्यांना विचार, एवढा चालेल का?"

नानांनी चष्म्याच्या वरून कापसाकडं पाहिलं. "चालेल म्हणावं."

आमच्या घरात बोलणं असंच चालायचं. गेल्या वर्षीच्या वैशाखापासून नाना माझ्याशी बोलत नव्हते. सुरुवातीला मी बोलून पाहिलं, पण भिंतीशी किती बोलणार? शेवटी मीही त्यांचीच मुलगी, मीही आईमार्फत बोलायला लागले. आम्ही मिरजेचे. नाना रेल्वेत मालगाडीचे गार्ड होते आणि तिथूनच निवृत्त झाले. मिरज जसं जंक्शन, तशी घरात आई. सगळ्या गाड्या तिच्यावरून जायच्या. आई घरात नसली तर नाना भिंतीवरच्या घड्याळाला सांगायचे, "दूध उतू चाललंय." मग मी उठून स्टोव्ह बंद करायची.

कारण सांगायचं तर माझं लग्न गडहिंग्लजच्या एका घरात ठरलं होतं. साखरपुडा झाला, पत्रिका छापून आल्या, आणि मग त्यांच्याकडून निरोप आला की मुलीला नोकरी सोडावी लागेल. मी सांगलीला पाटबंधारे खात्यात टंकलेखक होते. मी म्हटलं, हे आधी ठरलं नव्हतं. नाना म्हणाले, मी शब्द दिलाय. मी म्हटलं, शब्द तुम्ही दिलाय, नोकरी माझी आहे. त्यावर नाना उठले, कोट घातला, एकटेच गडहिंग्लजला गेले, साडी आणि अंगठी परत करून आले, आणि तेव्हापासून गप्प झाले. म्हणजे माझं ऐकलं त्यांनी, पण माझ्याशी बोलणं सोडलं. याचा मला फार त्रास व्हायचा. लहानपणी ते ड्यूटीवरून आले की गल्लीच्या तोंडाशीच "कुंदे" म्हणून हाक मारायचे, ती शेवटच्या घरापर्यंत ऐकू जायची. चालत्या मालगाडीच्या एका टोकावरून दुसऱ्या टोकाला ओरडायची सवय असलेला आवाज तो. मला ती हाक परत हवी होती.

त्या दिवशी मी त्यांच्यापुढं पाटावर बसले होते ती मात्र नाटकासाठी.

आमच्या ऑफिसात 'कालवा कला मंडळ' नावाचं मंडळ होतं. दरवर्षी ते नाट्यस्पर्धेत उतरायचं आणि दरवर्षी पडायचं. लेखक-दिग्दर्शक म्हणजे आमचे ड्राफ्ट्समन धनवडे. धनवड्यांनी पुण्याला जाऊन एक प्रायोगिक नाटक पाहिलं होतं. त्यात एक नट रंगमंचावर सुरुवातीपासून शेवटपर्यंत दाढी करतो. ते पाहिल्यापासून त्यांना खोटं काही सहन होईना. यंदाच्या नाटकात एक नवरा होता, त्याचे दोन्ही हात अपघातात निकामी झालेले. बायको त्याच्यासाठी सिगारेट बनवते, पेटवते, त्याच्या ओठांत ठेवते आणि मग म्हणते, "मी जाते." सिगारेट पुरी होईपर्यंत कुणीही एक शब्द बोलायचा नाही. पाकिटातली सिगारेट काढून दिली तर नाटकच संपलं, असं धनवड्यांचं म्हणणं. ती नळीपासून, कापसापासून, सगळी प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत तयार झाली पाहिजे.

नवऱ्याच्या भूमिकेत आमचे आवक-जावक बघणारे मुल्ला होते. त्यांना सिगारेटच्या वासानंही खोकला यायचा, पण हात हलवायचे नाहीत आणि कॉटवर पडून राहायचं म्हटल्यावर त्यांनी ती भूमिका आनंदानं घेतली. बायको मी होते, कारण ऑफिसात नाटकात काम करायला तयार असलेली बाई मी एकटीच होते.

"पण अशी सिगारेट करतात कशी?" बैठकीत कुणीतरी विचारलं.

"आमच्या घरी करतात," मी म्हणून गेले.

खरंच करायचे. नानांच्या सिगारेटी सगळ्या मिरजेत निराळ्या. गार्डाच्या डब्यात वारा फार, नुसती वळलेली सिगारेट ओठांवरच सुटायची आणि तंबाखू तोंडात यायची. म्हणून नानांनी तिला कागदाची नळी जोडली. एकदा ओढायची आणि नळीसकट फेकून द्यायची. तंबाखू निपाणीची, पातळ कागदाची चोपडी स्टेशनासमोरच्या पानवाल्याकडची, नळीतला कापूस आईच्या वातींच्या डब्यातला. आणि नळीसाठी घरी येणाऱ्या लग्नपत्रिका. पत्रिकेचं कार्ड जाड असतं, तोंडात भिजत नाही. कुणाचंही लग्न असो, नाना आहेर करून यायचे, पत्रिकेवरचा गणपती कात्रीनं कापून बाजूला ठेवायचे आणि बाकीच्या पट्ट्या करायचे. गणपती तोंडात धरायचा नाही एवढं पथ्य ते पाळायचे.

मी आईला म्हटलं, "त्यांना सांग, मला शिकायची आहे." आईनं ते सांगितलं. नानांनी हातातली नळी पुरी वळली. मग म्हणाले, "कशाला म्हणावं?" नाटकासाठी, मी म्हटलं. त्यांनी नाटकाला हो म्हटलं नाही की नाही म्हटलं नाही. दुसऱ्या दिवशी ऑफिसातून आले तर त्यांच्यासमोर एक रिकामा पाट मांडलेला होता.

मग रोज संध्याकाळी शिकवणी. आई मध्ये बसायची, आम्ही दोघं तिच्याशी बोलायचो आणि ती भाजी निवडायची. पट्टी आधी पाटाच्या कडेवरून ओढून घ्यायची म्हणजे ती वळायला तयार होते. मग पेन्सिलीवर गुंडाळायची. शेवट भाताच्या शितानं चिकटवायचा. पेन्सिल काढली की नळी. तिच्यात कापूस, फार दाबायचा नाही, नाहीतर धूर येत नाही. मग पातळ कागदात तंबाखू घेऊन वळायची आणि नळीच्या दुसऱ्या तोंडात बसवायची.

पातळ कागद चिकटवायला मी जीभ लावली तेव्हा नाना पहिल्यांदाच कडक झाले. "तिला म्हणावं, जीभ नाही. स्वतःची असली तर जीभ, दुसऱ्याची असली तर शीत. उष्टी सिगारेट द्यायची का कुणाला?"

म्हणजे नाटकाला जाताना भात न्यावा लागणार होता. धनवड्यांना मी हे सांगितलं तेव्हा ते इतके खूश झाले की त्यांनी संहितेत भाताचं पातेलं घातलं.

दुसरा नियम पट्टीचा. "छापील बाजू आत," नाना म्हणायचे. "शाई ओठाला लागते. छापील बाजू कायम आत." पण सरावाला त्यांनी मला पत्रिका दिली नाही. शर्टाच्या खोक्याचा पुठ्ठा दिला, त्याला दोन्ही बाजू कोऱ्या. पत्रिकेच्या पट्ट्या त्यांच्या मांडीजवळ एका डब्यात असायच्या, त्यातली एकेक काढून ते स्वतःच वळायचे. मीही कधी त्या डब्यात हात घातला नाही.

मला वाटायचं, इतकं शिकवतायत तर कधीतरी चुकून थेट बोलतील. माणूस शिकवायला बसला की त्याला राग धरून ठेवता येत नाही, असा माझा समज होता. मी चुका करून पाहिल्या. कापूस कोंबला, तंबाखू सांडली, नळीला जोड उलटा दिला. एकदा तर कापूस घालायचाच विसरल्याचं दाखवलं.

नानांनी ती नळी हातात घेऊन आरपार पाहिली आणि आईला म्हणाले, "तिला म्हणावं, मुद्दाम केलेली चूक कळते."

मी उठून मागच्या दारी गेले आणि दगडावर धुणं आपटलं. धुणं आधीच धुतलेलं होतं.

त्या काळात नानांचं ओढणं फार वाढलं होतं. पूर्वी जेवणानंतर एक आणि संध्याकाळी एक, एवढंच असायचं. आता चहा झाला की एक, पेपर झाला की एक, काही झालं नाही तरी एक. आई म्हणायची, देवाला वाती उरत नाहीत. डॉक्टर घरी येऊन ओरडून गेले. मी हे सगळं माझ्यावरच्या रागाच्या खात्यात धरत होते. एकदा मी म्हटलं, "आई, त्यांना सांग, तब्येतीवर राग काढू नका." आईनं ते सांगितलं नाही, जिरं भाजायला घेतलं.

प्रयोग सांगलीला दुपारच्या सत्रात होता. आदल्या दिवशी मी दोन पास देवापुढं ठेवून दिले आणि कुणालाच काही बोलले नाही. निघताना आईनं भाताचा डबा दिला आणि वर्तमानपत्रात बांधलेली एक पुडी दिली.

"हे म्हणाले, खोक्याचा पुठ्ठा लाइटाखाली हाताच्या घामानं मऊ पडेल. पत्रिकेच्या पट्ट्या दिल्यात. जास्तीच्या दिल्यात म्हणाले, परत आणू नकोस."

पुडी मी न सोडता तशीच आमच्या नाटकाचं सामान सांभाळणाऱ्याकडं दिली. त्यानं पट्ट्या ताटात लावल्या, शेजारी पेन्सिल, कापूस, तंबाखू, काडेपेटी आणि भात.

पहिला अंक बरा झाला. म्हणजे कुणी उठून गेलं नाही. दुसऱ्या अंकाचा पडदा वर गेला तेव्हा मला पुढच्या रांगांमध्ये आईची जांभळी साडी दिसली आणि तिच्या शेजारी नाना. कोट घालून, हात मांडीवर ठेवून, गाडी सुटायची वाट बघत असल्यासारखे ताठ बसलेले. माझे पाय जरा हलके झाले, पण ते बोलत नव्हते ते नव्हतेच. तिथं येऊन बसणं म्हणजे बोलणं नव्हे, हेही मला कळत होतं.

तो प्रसंग आला. मुल्ला कॉटवर डोळे मिटून पडले होते. मी ताट घेऊन त्यांच्या उशाशी बसले. सगळं थिएटर गप्प. मी वरची पट्टी उचलली, ताटाच्या कडेवरून ओढायला घेतली आणि सवयीनं छापील बाजू कुठली ते पाहिलं.

कार्ड मोतिया रंगाचं होतं, अक्षरं सोनेरी. पट्टी आडवी कापलेली, त्यामुळं ओळ अख्खी होती. 'आमची कन्या चि. सौ. कां. कुंदा'.

मी दुसरी पट्टी पाहिली. तिच्यावर नानांचं नाव. तिसरीवर मुहूर्त. चौथीवर पुन्हा मी.

माझ्या पत्रिका होत्या त्या. लग्न मोडल्यावर तो गठ्ठा कुठं गेला, हे मी एकदा आईला विचारलं होतं. ती म्हणाली होती, तुझे नाना बघतील काय ते. मला वाटलं, कृष्णेत सोडल्या असतील. तर त्या आमच्या ओसरीवरच होत्या, रोज माझ्यासमोर, नानांच्या मांडीजवळच्या डब्यात. दीड वर्ष हा माणूस माझं लग्न ओढत होता आणि छापील बाजू आत ठेवत होता.

हात थांबले. किती वेळ थांबले ते मला माहीत नाही. धनवडे नंतर म्हणाले की नाटकातला तोच एक क्षण त्यांना हवा तसा झाला. मग मी पट्टी पेन्सिलीवर गुंडाळायला लागले. डोळे त्या ओळीवरून निघत नव्हते, म्हणून की काय, नाव वर ठेवूनच गुंडाळत गेले. सोनेरी अक्षरं लाइटात चांगलीच चमकत असणार.

"कुंदे," थिएटरातून आवाज आला. "छापील बाजू आत."

तो काही कुजबुजलेला आवाज नव्हता. शेवटच्या डब्यातून इंजिनापर्यंत जाणारा आवाज होता तो. बाल्कनीतल्या लोकांनी वाकून खाली पाहिलं. तिन्ही परीक्षकांनी मागं वळून पाहिलं. विंगेत धनवडे स्टुलावर बसले. कॉटवर मुल्लांचे हात निकामी होते, पण पोट हलायला लागलं आणि कॉटही हलायला लागली.

मी वर पाहिलं. नाना माझ्याकडंच बघत होते, आईकडं नाही. "उलटी वळतेयस," ते जरा खालच्या आवाजात म्हणाले. एवढ्या शांततेत तेही सगळ्यांना ऐकू गेलं.

मी मान हलवली. पट्टी सोडवली, उलटवली, नाव आत घातलं, पुन्हा गुंडाळली. भाताचं शीत लावलं. कापूस भरला, दाबला नाही. तंबाखू वळली, जीभ न लावता. नळीत बसवली. काडी पहिल्या फटक्यात पेटली. सिगारेट मुल्लांच्या ओठांत ठेवली, त्यांना ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं. मी म्हटलं, "मी जाते," आणि गेले.

आमचं नाटक पडलं. परीक्षकांनी शेऱ्यात लिहिलं की प्रेक्षकांचा सहभाग प्रयोगशील असला तरी तो संहितेत नव्हता. मुल्लांना अभिनयाचं प्रशस्तिपत्र मिळालं. हसू आणि ठसका दाबताना आलेलं पाणी सगळ्यांना खरं वाटलं होतं. धनवडे पुढं कितीतरी महिने माझ्याशी बोलले नाहीत. माझ्या टेबलाशी उभे राहून मुल्लांना म्हणायचे, "हेरवाडकर बाईंना सांगा, एवढं टाइप करायचंय." मला त्याची सवय होतीच.

परत येताना मिरजेच्या बसमध्ये नाना खिडकीशी बसले, मी त्यांच्या शेजारी, आई पुढच्या बाकावर. बराच रस्ता गेला.

"मधे हात थांबला तुझा," नाना खिडकीबाहेर बघत म्हणाले.

"हो."

"ती चूक मुद्दाम नव्हती."

"नव्हती."

"कळलं मला," नाना म्हणाले. आणि थोड्या वेळानं, "कापूस बरोबर घेतलास."

घरी आल्यावर ते ओसरीवर बसले. मी स्वयंपाकघरात आईच्या मागं गेले आणि विचारलं, त्या पत्रिका तुला माहीत होत्या? ती म्हणाली, माहीत होत्या तर. गडहिंग्लजहून आले त्या दिवशी सगळा गठ्ठा बंबात घालायला निघाले होते. मी म्हटलं, वर गणपती आहे, जाळायच्या नाहीत. तेव्हा म्हणाले, ठीक आहे, मग ओढून संपवतो.

"आणि?"

"आणि म्हणाले, संपल्या की बोलेन तिच्याशी."

आई शांतपणे आमटीला फोडणी देत होती.

"म्हणून एवढ्या ओढायचे?"

"मग काय तर. दिवसाला दोननं कधी संपायच्या? माणूस घाईला आला होता. डॉक्टर ओरडले तरी ऐकेनात. तू शिकायला बसलीस तेव्हा त्यांना वाटलं, बरं झालं, तेवढ्या नाटकात खपतील."

"आई, हे तू मला सांगायचं नाहीस?"

"मला सांगायला सांगितलं नव्हतं," आई म्हणाली. "जे सांगायला सांगितलं, ते मी सांगत होते."

मला तिचा रागही आला आणि रडूही आलं, आणि मी तिथंच फडताळाला टेकून दोन्ही उरकून घेतलं. फडताळात वरच्या कप्प्यात एक बिस्किटांचा डबा होता. आईनं तो काढून दाखवला. आत नुसते गणपती होते, एकाच छापाचे, नीट कडेनं कापलेले. आणि डब्याच्या मागं न कापलेल्या पत्रिकांचा गठ्ठा, अजून चांगला वीतभर जाड.

"हे सगळं शिल्लक होतं?"

"होतं ना."

"मग आज कसे बोलले?"

आईनं पळी खाली ठेवली आणि ओसरीकडं तोंड करून मोठ्यानं विचारलं, "अहो, ती विचारते, पत्रिका तर अजून उरल्यात, मग बोललात कसे?"

ओसरीवर डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज आला. मग नाना म्हणाले, "उलटी वळत होती. सगळ्या लोकांसमोर. गप्प बसू?" आणि मग, गल्लीच्या तोंडापर्यंत जाईल अशा आवाजात, "कुंदे, भात झाला असला तर शीत आण."

मी वाटीत भात घेऊन गेले.

उरलेला गठ्ठा आम्ही पुढच्या अनंत चतुर्दशीला डब्यातल्या गणपतींबरोबर कृष्णेत सोडला. त्यानंतर नाना पुन्हा दिवसाला दोनवर आले आणि नळीसाठी लोकांच्या पत्रिका वापरायला लागले.

काही वर्षांनी माझं लग्न ठरलं. मुलीची नोकरी चालणार ना, हे नानांनी मुलाला विचारलं, त्याच्या वडिलांना विचारलं आणि निघताना त्याच्या आजोबांनाही विचारलं. मग छापखान्यातून पत्रिकेचा नमुना आला. नानांनी कार्ड बोटांत धरून वाकवून पाहिलं, पाटाच्या कडेवरून ओढून पाहिलं, बरं आहे म्हणाले. मग चष्मा काढून माझ्याकडं बघितलं.

"कुंदे, मोजक्याच छाप," ते म्हणाले. "उरल्या तर मला ओढाव्या लागतात."